आदर्शाचा पूर्वपक्ष

१

एका लेखकाने उभे केलेले कथाविश्व त्याच्या पश्चात, किंवा कधी त्याच्या हयातीतच, दुसऱ्या लेखकांच्या हाती जाते, तेव्हा मूळ दृष्टीशी असलेल्या इमानाचा प्रश्न अटळपणे उपस्थित होतो. अभिजात वाङ्मयाच्या संदर्भात भाष्य, टीका, प्रक्षेप, पुनर्कथन अशा संज्ञांच्या आधारे या प्रश्नाचा विचार दीर्घकाळ झालेला आहे. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेच्या संदर्भात मात्र तो बहुधा आवडीनिवडीच्या पातळीवरच रेंगाळतो. एखाद्या यशस्वी मालिकेतून दुसरी मालिका फुटते. विश्व तेच, इतिहास तोच, परंतु पात्रे, स्थळ आणि कथानक वेगळे. इंग्रजीत जिला ‘स्पिन-ऑफ’ म्हणतात त्या या रचनेला येथे शाखामालिका म्हटले आहे. मूळ मालिका आशावादी आणि शाखामालिका काळोखी असली की प्रेक्षकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा मूळ निर्मात्याच्या दृष्टीचा द्रोह आहे. दुसरा म्हणतो, हे कथाविश्व आता कोठे वयात आले.

हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी भासले तरी त्यांच्या बुडाशी एकच गृहीतक आहे. दृष्टी म्हणजे कलाकृतीचा भाव, तिच्यातील उजेड किंवा अंधार, असे दोघेही धरून चालतात. वस्तुतः भाव ही दृष्टीची एक अभिव्यक्ती होय, दृष्टी नव्हे. कोणत्या गोष्टीला मूल्य मानावयाचे आणि कोणत्या मापाने कृतीचा न्याय करावयाचा, याविषयीचा कलाकृतीचा निर्णय म्हणजे तिची दृष्टी. हे माप कायम ठेवून अंधाराचे चित्रण करता येते, आणि माप टाकून देऊन उजेडाचेही करता येते. म्हणून काळोख्या शाखामालिकेचे इमान तपासावयाचे तर तिच्यात अंधार किती आहे हे मोजून भागत नाही. त्या अंधाराला अंधार म्हणून ओळखण्याची सोय तिच्यात उरली आहे की नाही, हे पाहावे लागते.

मराठी विज्ञानकथा जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांच्या लेखनातून घडली ती मुख्यतः सुट्या कथा-कादंबऱ्यांच्या रूपात. अनेक लेखकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेलेले एकच सामायिक विश्व तिच्यात रुजले नाही. परिणामी हा प्रश्न मराठी समीक्षेपुढे विज्ञानकथेच्या निमित्ताने फारसा आला नाही. रामकथेच्या निमित्ताने मात्र तो आलेला आहे. ‘उत्तरकांड’ हा वाल्मीकिरामायणाचा उत्तरकालीन भाग आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. तो कोणी आणि केव्हा रचला हा संहितेच्या इतिहासाचा प्रश्न झाला. सीतात्यागाच्या त्या काळोख्या कथेने मूळ काव्यातील मूल्यव्यवस्थेचे काय केले, हा समीक्षेचा प्रश्न आहे. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त शेवटी पुनर्मीलन घडवून आणले, पण त्यागाच्या कृतीतील अन्याय त्याने झाकला नाही. कर्तृत्वाची अस्सलता आणि दृष्टीशी इमान या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे भान पुढील विवेचनात आवश्यक आहे.

२

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन कथाविश्वात सापडते. जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली मूळ मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये एनबीसी या वाहिनीवर सुरू झाली आणि तीन पर्वांत ७९ भाग होऊन १९६९ मध्ये बंद पडली. शीतयुद्ध, व्हिएतनाममधील युद्ध आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा लढा ही तिची पार्श्वभूमी. त्या काळात एका अंतराळयानाच्या नियंत्रणकक्षात आफ्रिकी वंशाची स्त्री, आशियाई वंशाचा सुकाणूधारी आणि दुसऱ्या पर्वापासून एक रशियन अधिकारी शेजारी-शेजारी बसलेले दिसत होते. आणि कथेतील कोणालाही त्यात विशेष काही वाटत नव्हते. माणसाने युद्ध, दारिद्र्य आणि वंशद्वेष यांवर मात केली आहे, अनेक ग्रहांचे ‘फेडरेशन’ हे संघराज्य उभारले आहे आणि ‘स्टारफ्लीट’ ही त्याची संशोधक व संरक्षक संघटना विश्वाचा शोध घेत आहे, हे या विश्वाचे अधिष्ठान होते.

‘मूळ दृष्टी’ म्हणून आज जे सांगितले जाते ते बव्हंशी याच अधिष्ठानाचे शुद्धीकृत रूप होय. प्रत्यक्ष १९६६ ते १९६९ या काळातील भाग पाहता चित्र इतके निर्मळ नाही. ‘एरंड ऑफ मर्सी’ (१९६७) या भागात कॅप्टन कर्क शांततावादी ऑर्गेनियनांपुढे युद्धाचा हक्क मागताना आढळतो आणि आपण काय मागत आहोत याची जाणीव होताच ओशाळतो. ‘अ प्रायव्हेट लिटल वॉर’ (१९६८) मध्ये प्रतिपक्षाने एका जमातीला बंदुका पुरवल्या म्हणून तो दुसऱ्या जमातीलाही बंदुका देण्याचा निर्णय घेतो. व्हिएतनामची सावली येथे उघड आहे आणि शेवट समाधानाचा नाही. क्लिंगॉन हे शत्रू आणि परक्या संस्कृतींत हस्तक्षेप न करण्याचा दंडक यांसारखी या विश्वाची महत्त्वाची अंगे घडवण्याचे श्रेय निर्माता-लेखक जीन एल. कून यांना दिले जाते. तात्पर्य, ज्याला एका माणसाची दृष्टी म्हटले जाते ती आरंभापासूनच अनेकांच्या हातून घडलेली आणि आतून संशयग्रस्त होती.

शुद्धीकरण झाले ते नंतर. १९८७ मध्ये ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी मालिका सुरू झाली तेव्हा रॉडनबेरी यांनी आपला आदर्श अधिक कठोर केला. चोविसाव्या शतकातील मानव लोभ, मत्सर आणि क्षुद्र भांडणे यांच्या पलीकडे गेला आहे, म्हणून यानावरील अधिकाऱ्यांत आपसात संघर्ष दाखवावयाचा नाही, असा दंडक लेखकांपुढे ठेवण्यात आला. नाट्य ज्यावर जगते तो संघर्षच वर्ज्य ठरल्याने लेखकमंडळी या चौकटीत घुसमटत. परंतु या दंडकामागील विचार साधा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमान चालवलेल्या आणि नंतर लॉस एंजलिसच्या पोलीस दलात काम केलेल्या माणसाने, मानवी क्रौर्य जवळून पाहून, ते शाश्वत नाही असे म्हटले होते. दंडक नाट्यदृष्ट्या गैरसोयीचा असला तरी त्यातील प्रतिज्ञा गंभीर होती.

३

रॉडनबेरी यांचे ऑक्टोबर १९९१ मध्ये निधन झाले. जानेवारी १९९३ मध्ये रिक बर्मन आणि मायकेल पिलर यांनी निर्माण केलेली ‘डीप स्पेस नाइन’ ही शाखामालिका सुरू झाली. पुढे तिची सूत्रे आयरा स्टीव्हन बेर यांच्याकडे आली आणि जून १९९९ मध्ये सात पर्वे व १७६ भाग पूर्ण करून ती संपली. काळोखी, युद्धखोर, श्रद्धा आणि राजकारण यांत बुडालेली म्हणून या मालिकेवर द्रोहाचा आरोप तिच्या हयातीतच झाला आणि आजही तो अधूनमधून होतो.

आरोपाचे पहिले कारण स्थळात आहे. मूळ मालिकेतील यान दर भागात नव्या जगात जाते, तेथील गाठ सोडवते आणि पुढे निघून जाते. ‘डीप स्पेस नाइन’ हे यान नाही; ते एका जागी असलेले स्थानक आहे. कार्डेशियन सत्तेने बाजोर या ग्रहावर सुमारे अर्धशतक कब्जा ठेवला, त्या काळात बाजोरी वेठबिगारांच्या श्रमावर ते चालले. सत्ता गेली, स्थानक, उद्ध्वस्त ग्रह आणि स्मृती मागे राहिल्या. तेथे नेमलेला अधिकारी बेंजामिन सिस्को निघून जाऊ शकत नाही. मागील भागात घेतलेल्या निर्णयाचे परिणाम त्याला पुढील भागात भेटतात. निघून जाणाऱ्याचा आदर्शवाद आणि मागे राहणाऱ्याचा आदर्शवाद यांतील फरक ही या मालिकेची खरी भूमी होय. नंदनवनात राहून संत होणे सोपे असते, असा उद्गार सिस्को ‘द माकी’ (१९९४) या भागात काढतो. तो पृथ्वीची हेटाळणी करण्यासाठी नव्हे, तर जेथे नंदनवन नाही तेथील माणसांचा न्याय करताना हे विसरू नये म्हणून.

विशेष म्हणजे रॉडनबेरी यांचा दंडक येथे अक्षरशः मोडलेला नाही. स्टारफ्लीटच्या अधिकाऱ्यांत कलह माजवण्याऐवजी लेखकांनी त्यांच्याभोवती त्या संघटनेबाहेरची माणसे उभी केली. प्रतिकारलढ्यात माणसे मारलेली बाजोरी मेजर कीरा, नफा हाच धर्म मानणारा फेरेंगी क्वार्क, आपल्या मूळ वंशाचा शोध घेणारा रूपांतरक्षम ओडो, पूर्वाश्रमीचा कार्डेशियन हेर गॅरक. ज्यांनी आदर्शाची दीक्षा घेतलेली नाही अशांच्या सहवासात आदर्श ठेवला गेला. आपल्याकडील शास्त्रचर्चेत सिद्धान्त मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावा लागतो, आणि तो दुबळा करून मांडणे हा दोष मानला जातो. ज्याचा पूर्वपक्ष बलवान त्याचाच सिद्धान्त टिकाऊ. ‘डीप स्पेस नाइन’ने फेडरेशनच्या आदर्शाला त्याचा पूर्वपक्ष मिळवून दिला.

४

पहिल्या पर्वातील ‘ड्युएट’ (१९९३) हा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गालिटेप या छळछावणीत काम केलेला एक कार्डेशियन स्थानकावर सापडतो. तोच त्या छावणीचा क्रूर प्रमुख असल्याचा संशय येतो. तोही ते मान्य करतो आणि आपल्या कृत्यांची बढाई मारतो. कीरा, जिने ती छावणी मुक्त होताना पाहिली आहे, त्याला शासन व्हावे म्हणून आतुर आहे. हळूहळू कळते की तो प्रमुख नव्हेच. तो मारित्झा नावाचा साधा कारकून आहे. प्रमुख केव्हाच मरून गेला आहे. किंकाळ्या ऐकू येत असताना कान झाकून पडून राहिलेल्या या कारकुनाने शस्त्रक्रियेने चेहरा बदलून घेतला आहे, तो आपल्यावर खटला चालावा आणि त्यातून आपल्या राष्ट्राला आपला अपराध कबूल करावा लागावा म्हणून. कीरा त्याला मरू देत नाही. असे थोडेच लोक आहेत, त्यांना मारून भागणार नाही, हे तिला उमगते. आणि त्याच क्षणी दुसरा एक बाजोरी त्याला भोसकतो. तो कार्डेशियन होता एवढे कारण त्या खुन्याला पुरेसे वाटते. कीराला ते पुरेसे वाटत नाही.

या भागात तांत्रिक चमत्कार नाही, शेवटी उजेड नाही, आणि तरीही मूळ मालिकेची प्रतिज्ञा याच्याइतकी क्वचितच कोठे सिद्ध झाली असेल. माणूस द्वेषाच्या पलीकडे जाऊ शकतो, हे रॉडनबेरी यांचे विधान ‘द नेक्स्ट जनरेशन’मध्ये गृहीत म्हणून येते, येथे ते एका व्यक्तीच्या मनात, तिच्या सर्व भूतकाळाच्या विरोधात, घडताना दिसते. द्वेष करण्याचा हक्क जिला सर्वांत जास्त आहे तिच्याकडून ते वदवले जाते, आणि तेही उशिरा. हा उशीर आणि हे मोल या भागाने आदर्शाला जोडून दिले.

५

द्रोहाचा आरोप करणारे बहुधा ज्या भागावर बोट ठेवतात तो ‘इन द पेल मूनलाइट’ एप्रिल १९९८ मध्ये प्रसारित झाला. डोमिनियन या साम्राज्याशी युद्ध चालू आहे. दर शुक्रवारी मृतांची यादी लागते आणि तीत ओळखीची नावे असतात. तटस्थ रोम्युलन युद्धात आपल्या बाजूने उतरले नाहीत तर पराभव अटळ, हे सिस्कोला दिसते. डोमिनियन रोम्युलनांवर हल्ला करणार असल्याचा पुरावा मिळत नाही, म्हणून तो वरिष्ठांच्या मान्यतेने, गॅरकच्या साह्याने, खोटा पुरावा तयार करवतो. त्यासाठी एका गुन्हेगाराला सोडवतो, लाच देतो, धोकादायक जैविक द्रव्य विकतो. बनाव रोम्युलन सिनेटरच्या लक्षात येतो. पण परतीच्या वाटेवर त्याचे यान उडवले जाते. हे गॅरकने केलेले असते, आणि बनावट तयार करणाऱ्या गुन्हेगाराचाही काटा त्याने काढलेला असतो. रोम्युलन युद्धात उतरतात.

कथानक एवढेच सांगितले तर हा भाग ‘साध्य साधनाचे समर्थन करते’ या सूत्राचे उदाहरण वाटेल. त्याचा अर्थ ठरतो तो निवेदनाच्या रूपाने. मूळ मालिकेच्या भागांचा आरंभ बहुधा कॅप्टनच्या नोंदवहीने होतो. ही नोंद अधिकृत असते. आपण काय केले हे अधिकारी आपल्या संस्थेला, आणि पर्यायाने भविष्याला, उघडपणे कळवतो. ती केवळ कथनाची सोय नाही. पारदर्शकतेवर उभ्या असलेल्या संस्कृतीचे ते चिन्ह आहे. ‘इन द पेल मूनलाइट’मध्ये सबंध कथा नोंदीच्या रूपातच येते, पण ही नोंद खाजगी आहे. सिस्को एकटा बसून कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षकाकडे, पाहत बोलतो. बोलता बोलता अहवालाचा कबुलीजबाब होतो. एका सिनेटरचा, एका गुन्हेगाराचा जीव आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान एवढ्या किमतीत सबंध अल्फा क्वाड्रंट वाचला, हा गॅरकचा हिशेब त्याला खोडता येत नाही. या कृत्यासह आपण जगू शकतो, असे तो म्हणतो; पुन्हा म्हणतो; आणि सबंध नोंद पुसून टाकण्याची आज्ञा संगणकाला देतो.

पुसण्याची ही आज्ञा हा या भागाचा गाभा होय. जे कृत्य योग्य वाटते त्याची नोंद पुसावी लागत नाही. नोंद पुसली गेल्याने त्या विश्वात हे सत्य जवळजवळ कोणाच्याच हाती राहत नाही. ते उरते प्रेक्षकापाशी. मूळ मालिकेने ज्या रूपबंधाला सचोटीचे चिन्ह केले, त्याच रूपबंधाच्या मोडण्यातून शाखामालिकेने सचोटीच्या हानीचा प्रत्यय दिला. हा प्रत्यय मूळ संकेत ठाऊक असलेल्यालाच पुरता येतो. म्हणजे हा भाग मूळ दृष्टीच्या विरोधात उभा नसून तिच्यावर सर्वस्वी अवलंबून आहे.

तरीही एक आक्षेप शिल्लक राहतो आणि तो हलका नाही. सिस्कोला शासन होत नाही. युद्धाचे पारडे त्या कपटानंतर फिरते. म्हणजे कथानकाच्या पातळीवर कपटाला फळ मिळते. मोजपट्टी कायम असली तरी तिचा उपयोग काय, असे कोणी विचारील. या भागापुरते याचे उत्तर मिळत नाही. ते मालिकेच्या उत्तरार्धात शोधावे लागते.

६

त्याच एप्रिल १९९८ मध्ये, या भागाच्या आदल्याच आठवड्यात, ‘इन्क्विझिशन’ या भागातून ‘सेक्शन ३१’ ही गुप्त यंत्रणा प्रथम पुढे आली. स्टारफ्लीटच्या मूळ सनदेतील एका कलमाचा आधार सांगणारी, कोणालाही जबाबदार नसलेली, नंदनवनाच्या रक्षणासाठी हवे ते करणारी ही यंत्रणा म्हणजे पूर्वपक्षाचे सर्वांत टोकदार रूप. तुमचा आदर्श आमच्या गुन्ह्यांवर उभा आहे, असे ती सांगते. हे खरे असेल तर रॉडनबेरी यांचे विश्व केवळ अशक्य ठरत नाही. ते खोटे ठरते.

मालिका या पूर्वपक्षाला काय उत्तर देते? पुढे उघड होते की डोमिनियनच्या रूपांतरक्षम राज्यकर्त्यांना, म्हणजे ‘फाउंडर्स’ना, नष्ट करण्यासाठी सेक्शन ३१ ने त्यांच्यात एक प्राणघातक रोग पसरवला आहे, आणि त्यासाठी वाहक म्हणून वापरले आहे ओडोला. डॉक्टर बशीर या वंशसंहाराचा उतारा मिळवून ओडोला वाचवतो. फेडरेशनचे शासन मात्र तो उतारा शत्रूला देण्यास नकार देते. येथे खुद्द आदर्श राज्यच घसरलेले आहे. आणि जून १९९९ मधील अखेरच्या भागात शत्रू शेवटच्या सैनिकापर्यंत लढण्याच्या तयारीत असताना, ओडो आपल्या शरीराचा शत्रूच्या नेत्रीच्या शरीराशी संगम करून तिला बरे करतो. ती शरणागती पत्करते आणि खटल्याला सामोरी जाण्याचे मान्य करते. जगात उरलेल्या आपल्या वंशाला बरे करण्यासाठी ओडो निघून जातो.

दीर्घ युद्धाचा अंत अशा रीतीने वंशसंहाराने नव्हे, तर उपचाराने होतो. आक्षेपाला मालिकेचे हे उत्तर आहे. कपटाने युद्ध लांबवता आले, पराभव टाळता आला. पण ते संपवता आले नाही. संपवण्याची शक्ती कथानकाने शत्रूवर टाकलेल्या विश्वासाला दिली. शिवाय हे कृत्य फेडरेशनचा अधिकारी करीत नाही. ते करतो एक परका, ज्याने या माणसांबरोबर सात वर्षे राहून त्यांचा आदर्श त्यांच्यापेक्षा अधिक गंभीरपणे घेतला. सिद्धान्त सिद्धान्त्याच्या तोंडून न येता बाहेरच्याच्या कृतीतून येतो. सिस्कोचे कपट यामुळे धुऊन निघत नाही, आणि मालिका तसा आवही आणत नाही.

७

हे माप इतरत्र लावून पाहता येते. १९६३ पासूनच्या ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतून रसेल टी. डेव्हिस यांनी ‘टॉर्चवुड’ (२००६ ते २०११) ही प्रौढांसाठीची शाखामालिका काढली. इंग्रजीत ‘डॉक्टर हू’ या नावाचीच अक्षरे फिरवून तिचे नाव तयार झाले आहे. नात्याची आणि विपर्यासाची कबुली नावातच आहे. जुलै २००९ मध्ये पाच दिवस दाखवलेल्या ‘चिल्ड्रन ऑफ अर्थ’ या कथेत परग्रहवासी पृथ्वीवरील दहा टक्के मुले मागतात. ब्रिटिश मंत्रिमंडळ नकार कसा द्यावा याची चर्चा करीत नाही. कोणती मुले द्यावीत याची करते, आणि गुणवत्तायादीत तळाशी असलेल्या शाळांकडे बोट जाते. शेवटी संकट टळते ते नायक जॅक स्वतःच्या नातवाचा बळी देतो तेव्हा. मूळ मालिकेतील डॉक्टर, जो बुद्धीने आणि करुणेने तिसरा मार्ग काढतो, तो येथे येतच नाही. पण त्याची अनुपस्थिती कथेच्या प्रत्येक प्रसंगात जाणवते, आणि पात्रांनाही जाणवते. अशा अनुपस्थितीलाही मापाचे सामर्थ्य असते.

टोनी गिलरॉय यांची ‘अँडॉर’ (२०२२ ते २०२५) १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या पूर्वीचा काळ घेते. मूळ चित्रपटाच्या अखेरीस विजयी वीरांना पदके मिळतात. ‘अँडॉर’ पाहिलेल्याला त्या समारंभात नसलेली माणसे दिसू लागतात. हेरगिरी, विश्वासघात, तुरुंग आणि नरसंहार यांच्या वर्णनातही अत्याचाराचा प्रतिकार केलाच पाहिजे, या मूळ श्रद्धेवर ती मालिका कोठे संशय घेत नाही. संशय घेते ती, प्रतिकार करणारा निष्कलंक राहू शकतो, या कल्पनेवर.

याउलट जानेवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘स्टार ट्रेक: सेक्शन ३१’ हा चित्रपट. ‘डीप स्पेस नाइन’ने पूर्वपक्ष म्हणून उभी केलेली यंत्रणा येथे साहसकथेची नायिका झाली आहे. प्रमुख पात्र आहे प्रतिविश्वातील एक माजी सम्राज्ञी, जिच्या हातून अगणित हत्या झालेल्या आहेत. तिच्याभोवती हजरजबाबी, रंगीबेरंगी साथीदारांची टोळी आहे. स्टारफ्लीटची एक अधिकारी देखरेखीसाठी सोबत आहे खरी. पण तिची नियमनिष्ठा बव्हंशी थट्टेचा विषय होते आणि तिने सैल व्हावे अशी कथेची अपेक्षा दिसते. गंमत अशी की हा चित्रपट ‘डीप स्पेस नाइन’इतका काळोखा नाहीच. तो चटपटीत आहे. त्यात कोणालाही नोंद पुसावीशी वाटत नाही, कारण लपवावे असे काही घडले आहे, असेच कोणाला वाटत नाही. उजेड-अंधाराच्या मापाने पाहिले तर हा चित्रपट मूळ मालिकेला जवळचा ठरावा. दृष्टीच्या मापाने तो तिच्यापासून सर्वांत दूर आहे. येथे पूर्वपक्ष उरला आणि सिद्धान्त गळून पडला.

८

या विवेचनात जे पणाला लागले आहे ते एका अमेरिकन मालिकेच्या लौकिकापेक्षा मोठे आहे. आदर्श जग चितारणाऱ्या प्रत्येक वाङ्मयापुढे दोन धोके असतात. आदर्शाला प्रश्न विचारणेच निषिद्ध ठरले तर तो शोभेची वस्तू होतो; त्याचे रक्षक वाढतात आणि त्याप्रमाणे वागणारे कमी होतात. उलट, निराशा म्हणजेच वास्तव आणि तुच्छता म्हणजेच प्रौढपण, हे एकदा स्वीकारले की वाईटाला वाईट म्हणण्याची भाषाच हरवते. पहिला धोका भक्तांचा आणि दुसरा फॅशनचा. इमानी शाखामालिका या दोहोंच्या मधून वाट काढते, म्हणून ती विरळा असते.

‘डीप स्पेस नाइन’मधील ‘फार बियाँड द स्टार्स’ (फेब्रुवारी १९९८) हा भाग या संदर्भात शेवटी विचारात घ्यावयास हवा. सिस्कोची भूमिका करणारे एव्हरी ब्रुक्स यांनीच तो दिग्दर्शित केला. सिस्को स्वतःला १९५३ च्या न्यूयॉर्कमध्ये बेनी रसेल या कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखकाच्या रूपात पाहतो. बेनी एका अंतराळस्थानकाची कथा लिहितो. तिचा नायक कृष्णवर्णीय कप्तान आहे. संपादक म्हणतो, वाचक हे स्वीकारणार नाहीत. मग तडजोड म्हणून सबंध कथा एका दुर्दैवी माणसाचे स्वप्न म्हणून छापावयाची ठरते. तेवढेही मालकाला मानवत नाही; तो सबंध अंकच नष्ट करवतो. पोलिसांच्या मारहाणीतून नुकताच उठलेला बेनी हे ऐकून कोसळतो. कोसळतानाही तो सांगत राहतो की ते भविष्य, ते स्थानक, ती माणसे खरी आहेत. कारण ती त्याच्या मनात आहेत आणि मनातले नष्ट करता येत नाही.

या भागाने मूळ मालिका आणि काळोखी शाखामालिका यांचे मानलेले नातेच उलटे केले. प्रचलित समजूत अशी की आधी उजेड होता आणि नंतरच्यांनी त्यात अंधार आणला. बेनीची कथा सांगते की अंधार आधीचा आहे. उजळ भविष्य हे सुखी माणसाचे रंजन नव्हते; ज्याला कथेतसुद्धा नायक होऊ दिले जात नव्हते त्याची ती मागणी होती. १९६६ च्या नियंत्रणकक्षातील त्या शांत सहवासामागे हेच होते, पण मूळ मालिकेने ते बोलून दाखवले नाही. दाखवण्याची तिला मुभाही नसावी. शाखामालिकेने ते बोलून दाखवले. मूळ दृष्टी कोणत्या काळोखातून जन्मली याची आठवण ठेवणे आणि तो काळोख अजून सरलेला नाही हे सांगणे, यापरते इमान एका कथाविश्वाला आपल्या निर्मात्याशी राखता येईल असे वाटत नाही.